‘सेल्फ मारला का?’ : नरेंद्रनगर पुलाजवळचं बिनापाटीचं गॅरेज

या गॅरेजला पाटी नाही, शटर नाही, नकाशावर पिनही नाही. नागपुरात, नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाकडे उतार लागायच्या थोडं अलीकडे निळ्या ताडपत्रीखाली एक लाकडी खोकं, हवेचा कॉम्प्रेसर आणि जुन्या टायरांचा ढीग दिसला की समजायचं, आलं. मालकाला सगळे मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो. पावसाळ्यात गाडी ढकलत तिथवर पोचलात की या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला. काय झालं, कुठे बंद पडली, हे काही नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतो आणि विचारतो, “सेल्फ मारला का?” म्हणजे बटण दाबून गाडी चालू करून पाहिली का.

तुम्ही काय उत्तर देता त्यावर बिल ठरतं. हजार-बाराशेत सुटणार की इंजिन खोलावं लागणार, ते.

माझी ओळख आधी करून देतो. मी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतो. सकाळी पावणेसहाला बेशातून निघायचं, मनीषनगर-नरेंद्रनगरची घरं करायची आणि नऊच्या आत डबा रामदासपेठेत पोचवायचा. पाऊस आहे म्हणून सुटी मारता येत नाही. कोणीतरी सत्तरीचे काका रात्रीपासून उपाशी बसलेले असतात आणि पावणेसातला त्यांचा फोन येतो, “बेटा, चहा घेऊन टाकू का?” नाही म्हणताना माझाच जीव खालीवर होतो. गाडी शंभर सीसीची, 2014 ची, कार्बोरेटरवाली. सेल्फ आहे, किकही आहे. किकचं महत्त्व पुढे येईल.

तर जुलैतली सकाळ. रात्रभर धो-धो, सहाला जरा उघडीप. चार घरं झाली होती, डब्यात अकरा ट्यूब. पुलाखाली पाणी साचलेलं दिसत होतं, पण समोरून एक ऑटो आला. त्याचं अर्धं चाक पाण्यात, अर्धं बाहेर. मी मनात हिशोब केला: ऑटो आला म्हणजे आपणही जातो. पुलाच्या अलीकडे रस्त्यात एका डांबराच्या ड्रममध्ये कडुलिंबाची फांदी खोचून ठेवली होती. ती कोणी ठेवली, कशाला ठेवली, असा विचार करायला वेळ कुणाला असतो? मी ड्रमच्या बाजूने गाडी काढली.

मधोमध पोचेपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. पहिला गिअर, रेस धरलेली, सायलेन्सर पाण्याखाली बुडबुड करतो आहे पण दम धरून आहे. तेवढ्यात मागून एक मोठी गाडी आली. ती आली म्हणण्यापेक्षा तिची लाट आली. पाणी साईड कव्हरवरून सीटच्या खालपर्यंत चढलं, इंजिनाने एक खोल ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि सगळं शांत. गुडघ्याच्या वर पाणी, हातात मेलेली गाडी, खांद्यावर रक्ताचा डबा. मोठी गाडी मजेत पलीकडे निघून गेली.

अंगठा आपोआप सेल्फच्या बटणावर गेला होता. दाबला नाही. त्याचं श्रेय माझ्या अकलेला नाही, माझ्या मेहुण्याच्या मोपेडला.

22 सप्टेंबर 2023. नागपुरात ती रात्र कोणाला सांगायला नको. आमच्याकडे त्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण, मेहुण्याच्या घरी, अंबाझरी लेआउटकडे. पुरणपोळी, आंबिल, सोळा भाज्या, रेटून जेवलो आणि अकराच्या सुमारास घरी आलो. मध्यरात्रीनंतर पाऊस लागला तो असा, की चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी आपली हद्द सोडून लोकांच्या अंगणात शिरली. सकाळी मोरभवनच्या स्टँडवर बसा पाण्यात उभ्या होत्या आणि लोकांना काढायला लष्कर बोलवावं लागलं. मेहुण्याचं घर तळमजल्याचं. महालक्ष्म्यांचे मुखवटे बायकांनी माळ्यावर चढवले, धान्याचे डबे ओट्यावर, पोरं वरच्या मजल्यावर. मोपेड राहिली पार्किंगमध्ये, आरशांपर्यंत पाण्यात. विसर्जन दुसऱ्या दिवशी होतं, गाडीचं आदल्या रात्रीच झालं.

पाणी उतरल्यावर त्याने ती पुसली, गाळ धुतला, आणि चालू होते का बघू म्हणून सेल्फ मारला. आधी नुसतं ‘टक्’. बॅटरी उतरली असेल असं वाटून शेजाऱ्याने दुसरी बॅटरी आणून जोडून दिली. मग मारला तेव्हा ‘कट्ट’ असा एक आवाज, जाड सुतळी ताणून तोडल्यासारखा. त्यानंतर एसी वेटिंग रूमवालं एक वर्कशॉप. तिथे आधी सांगितलं नुसती साफसफाई, दोन दिवसांनी सांगितलं कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकलाय, आणि एस्टिमेट अकरा हजारांचं. विमा थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीचा एक रुपया नाही. पूर्ण विमा असता तरी पाण्यातली गाडी चालू करायला जाऊन इंजिन गेलं तर कंपन्या सहसा हात वर करतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, हे आम्हाला अकरा हजार भरताना कळलं.

हे सगळं त्या पाण्यात उभं राहून आठवलं, म्हणून अंगठा काढला. डबा डोक्यावर घेतला, एका हाताने हँडल धरलं आणि आलो तसा उलटा ढकलत निघालो. पायाखाली गडरचं, म्हणजे गटाराचं, झाकण आहे की नाही ते प्रत्येक पावलाला चाचपत. वर आलो तर ताडपत्रीखालून मिस्त्री बघतच होता.

“सेल्फ मारला का?”

“नाही.”

“किक?”

“नाही.”

“मंग वाचली गाडी. फांदी दिसली नाई का तुमाले?”

तेव्हा कळलं ड्रम कोणाचा.

आता कामाबद्दल. मी सात-आठ गॅरेजं बघितली आहेत, पण तुमची गाडी तुमच्या समोर, तुम्हाला दाखवत दाखवत खोलणारा माणूस हा पहिलाच. चहा मागवून द्यायचा आणि ‘या तासाभरात’ म्हणायचं, असला प्रकार नाही. उलट तुम्हालाच टॉर्च धरायला लावतो.

सगळ्यात आधी चावी काढून स्वतःच्या खिशात घातली. लोक मध्येच उत्साहात बटण दाबतात म्हणे. मग हाताखालच्या पोराला हाक मारली आणि दोघांनी मिळून गाडी मागच्या चाकावर उभी केली, घोडा उधळल्यासारखी. सायलेन्सरमधून काळं पाणी सुटलं. मला वाटलं पेलाभर असेल. चांगला तांब्याभर निघालं, त्यात भिजलेल्या काजळीचे तुकडे आणि कडुलिंबाचं एक पान. पान आत कसं गेलं हे आम्हा तिघांनाही सांगता आलं नाही.

मग साईड कव्हर काढून फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर पावासारखा फुगलेला, पिळला तर पाणी गळत होतं. डब्याच्या तळाशीही पाणी. मिस्त्री म्हणाला, इथपर्यंत आलं म्हणजे पुढेही गेलं. पुढे म्हणजे कार्बोरेटर. त्याच्या खालच्या वाटीचा बारका स्क्रू सैल केला आणि खाली काचेची बाटली धरली. बाटलीत पेट्रोल वर आणि पाणी खाली, मधे रेघ मारल्यासारखा थर. “हे पाहा,” म्हणून ती बाटली त्याने माझ्या डोळ्यांसमोर धरली, मी पेशंटला ट्यूब दाखवतो तशी.

आणि मग प्लग. प्लग पान्याने काढला, टोकावर पाण्याचा थेंब. मला बाजूला व्हायला सांगितलं, प्लगच्या भोकासमोर चिंधी धरली आणि हाताने, अगदी सावकाश, किक दाबली. पिचकारी उडाली! होळीत पोरं मारतात तशी, चिंधी भेदून थेट माझ्या शर्टावर. पुन्हा दाबली, पुन्हा उडाली, पण कमी. आठव्या-नवव्या किकला नुसती धुकट वाफ आणि पंधराव्याला कोरडी हवा, फुस्स करून.

“हे पाणी अंदर होतं,” तो म्हणाला. “आता तुमी सेल्फ मारला असता तर? हवा दबते भाऊ, पाणी दबत नाई. पिस्टन वर चालला, पाणी हटून नाई राहिलं, मंग वाकन कोन? रॉडच वाकन ना.”

मेहुण्याच्या अकरा हजारांचा खुलासा मला दोन वर्षांनी, तीन वाक्यांत, एका खर्रेवाल्या माणसाकडून मिळाला. वर्कशॉपवाल्यांनी तेव्हा इंग्रजी नाव सांगून आम्हाला गप्प बसवलं होतं.

ऑइलचं मात्र मला खरंच नवल वाटलं. खालचा नट काढला आणि पसरट टोपलीत जे पडलं ते ऑइल नव्हतं, ठेल्यावरचा चहा होता. तोच रंग, तीच साय. ऑइलमध्ये पाणी घुसळलं गेलं की असं दुधाळ होतं आणि ते तसंच ठेवून चालवलं तर चार दिवसांत बेअरिंग, क्लच प्लेटा, सगळं खाऊन टाकतं. त्याने एक साधं ऑइल भरलं, नवा प्लग लावला, गाडी किकवर चालू केली. सहाव्या किकला घेतली. दोन मिनिटं नुसती जागेवर चालू ठेवून बंद केली आणि ते ऑइलही काढून टाकलं. तेही फिकट गढूळ निघालं. मग दुसरं, म्हणजे खरं ऑइल. मी विचारलं, एवढं गरजेचं आहे का? म्हणाला, “तुमी सुई लावता त एकच सुई दोघाले लावता का?” हा मुद्दा गाडीला कसा लागू पडतो ते मला अजून कळलेलं नाही, पण तेव्हा मी गप्प बसलो.

या सगळ्यात माझा डबा त्याच्या खोक्यावर, सगळ्यात उंच आणि कोरड्या फळीवर. पोराने विचारलं आत काय आहे, मी सांगितलं. त्यानंतर तो त्या फळीवरचा पाना घ्यायलाही गेला नाही. मिस्त्री स्वतः उठून घ्यायचा. लॅबला फोन केला, मेडिकल चौकाकडून वळसा घालून आमचा एक पोरगा आला आणि डबा घेऊन गेला. राखाडी झाकणाच्या शुगरच्या ट्यूबा थोड्या थांबू शकतात, बाकीच्यांची मला धास्ती होती. सगळे रिपोर्ट व्यवस्थित लागले.

बिल असं: पहिलं साधं ऑइल 250, दुसरं 380, प्लग 90, फिल्टर 160, मजुरी 300. एकूण 1,180. सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं. जुना प्लग आणि जुना फिल्टर हातात दिला, मी न मागता. दीड तास लागला. त्या दीड तासात अजून चार गाड्या ढकलत आल्या. त्यातल्या एका कॉलेजच्या पोराने सेल्फ मारला होता, पाच-सहा वेळा, असं त्याने स्वतःच सांगितलं. मिस्त्रीने त्याची किक हाताने दाबून पाहिली, ती अर्ध्यातच अडत होती. प्लग काढूनही तिथेच अडली. मिस्त्री काही बोलला नाही, फक्त त्याला बसायला टायर दिला.

चाकांवरचा भाग त्याने जाताना उरकला. ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेलं की लायनर साबणासारखा सरकतो, त्यामुळे पहिला अर्धा किलोमीटर दोन्ही ब्रेक हलके दाबत चालवायचे, घासून गरम झाले की सुकतात. त्याने मला तसं समोरच्या गल्लीत दोनदा चालवून आणायला लावलं, तेव्हाच सोडलं. चेनला ऑइल मारून दिलं. मीटरच्या काचेत धुकं धरलं होतं, त्याबद्दल म्हणाला, ऊन पडलं की जाईल. आठ दिवस ऊन पडलं नाही आणि मी आठ दिवस किती वेगात आहे हे न बघता चालवली. तशीही नागपुरात पावसाळ्यात तिसऱ्या गिअरच्या वर जायची वेळ येत नाही.

पाण्यातून गाडी कशी काढावी यावर त्याचा एक पाठ आहे. तो तुम्हाला ऐकावाच लागतो, बिल चुकतं केलं तरी सोडत नाही. त्यातलं जे मला पटलं ते सांगतो. पाणी पुढच्या चाकाच्या आसाच्या वर असेल तर जायचंच नाही, मग समोरून ऑटो येवो की हत्ती. जायचंच असेल तर अलीकडेच पहिला गिअर टाकायचा आणि पलीकडे पोचेपर्यंत तोच. रेस एकसारखी धरायची, वेग कमी करायचा असला तर क्लच अर्धा दाबायचा, पण रेस सोडायची नाही. इंजिन चालू आहे तोवर सायलेन्सर धूर बाहेर ढकलतो आणि पाण्याला आत येऊ देत नाही. रेस सोडली की दम तुटतो. कडेने जायचं नाही, रस्ता मधे उंच असतो आणि गडरची झाकणं कडेला. पाण्यात भोवरा फिरताना दिसला तर तिथे झाकण उघडं आहे असंच धरायचं. आणि मोठ्या गाडीच्या पुढे-मागे राहायचं नाही, ती पार होऊन लाट बसू द्यायची. हे शेवटचं तो माझ्याकडे बघून म्हणाला. वाहत्या पाण्यात तर दुचाकी घालूच नये. साचलेलं पाणी गाडी बंद पाडतं, वाहतं पाणी पायाखालून काढून नेतं.

मी माझ्याकडून एक भर घातली, की आपल्याकडे सिमेंटचे रस्ते घरांपेक्षा वर आले आणि पाण्याला जायला जागाच राहिली नाही. यावर तो बराच वेळ बोलला. ते इथे छापण्यासारखं नाही.

आता जे पटलं नाही ते. एक म्हणजे हा माणूस नंबर लावून घेत नाही. जो ढकलत आला तो आधी. तुमची गाडी नुसत्या सर्व्हिसिंगला असेल आणि पुलाखाली पाणी भरलं, तर तुमचे पार्ट पेपरावर पसरलेले आणि मिस्त्री दुसऱ्याच्या प्लगवर. माझ्या एका मित्राची गाडी अशी दोन दिवस उघडी पडून होती. दुसरं, बसायला टायरांशिवाय काही नाही आणि ताडपत्री एका कोपऱ्यात बरोबर मानेवर गळते. बायकांनी गाडी आणली तर उभं राहायला कोरडी जागा नाही, हे त्याला मी सांगून पाहिलं. पुढच्या वेळी एक प्लास्टिकची खुर्ची दिसली. तिच्यावर कॉम्प्रेसरचा पाईप गुंडाळून ठेवलेला होता.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, पण माहीत असलेली बरी. 2020 च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस सिक्स, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचं तो फक्त प्लग, फिल्टर आणि ऑइल करतो. सेन्सर आणि वायरिंगला हात लावत नाही. “हे कॉम्प्युटरचं काम हाय, माझ्या हातचं नाई,” असं स्पष्ट सांगतो आणि छोटा हत्ती टेम्पो बोलावून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला रवाना करतो. माझ्या समोर एकाने शंभराच्या दोन नोटा पुढे करून विनवणी केली, त्याने घेतल्या नाहीत. ज्यांच्या नव्या गाडीला किकच नाही त्यांना तो उगाच दोन शब्द सुनावतो. तेवढं ऐकून घ्या.

माझ्या गाडीला त्या दिवसानंतर एकच दुखणं राहिलं. तीनेक आठवड्यांनी पुढच्या चाकातून गिरणीसारखी घरघर यायला लागली. बेअरिंगमध्ये पाणी गेलं होतं. हे तेव्हाच बघायला हवं होतं, असं मी त्याला म्हणालो. त्याने मान्य केलं, बेअरिंगचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. म्हणून पाचपैकी साडेचार. अर्धा बेअरिंगचा कापला. मजुरी सोडली म्हणून तो परत द्यायला पाहिजे का, याचा अजून विचार करून राहिलो आहे.

ऑगस्टात एकदा असाच भर पाऊस होता आणि मी त्या बाजूने चाललो होतो. ड्रम रस्त्यात, फांदी खोचलेली, यावेळी बाभळीची. म्हणजे बाजूने जरी काढायची म्हटली तरी काटे. मी तिथूनच गाडी वळवली, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक करून वीस मिनिटं उशिरा पोचलो. रामदासपेठेतल्या काकूंनी तोवर चहा घेऊन टाकला होता, बिस्किटासकट. फास्टिंग दुसऱ्या दिवशीवर गेली.

गॅरेज सकाळी आठला उघडतं, पाऊस असेल तर सहालाच. रविवारी दुपारपर्यंत. क्यूआर कोड खोक्यावर चिकटवलेला आहे, पण त्यावर ग्रीसचा अंगठा इतका पक्का बसलाय की स्कॅन होत नाही. रोख न्या.